शिबिरानंतरचं काम

गावात नेत्रतपासणी शिबिर लागतं तेव्हा मंडपात रांग असते, चष्मे वाटले जातात, आणि ज्यांना मोतीबिंदू निघतो त्यांच्या हातात एक चिठ्ठी पडते. ती चिठ्ठी घरी जाऊन रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत बसते. चिठ्ठीवरचं रुग्णालय अलिबागला किंवा पनवेलला असतं. मुलाची कंपनीत पाळी असते, सून म्हणते भाताची कापणी होऊ दे, आणि म्हातारी स्वतःच म्हणते, ‘आता मला बघायचंय तरी काय?’ वर्ष जातं, पुढचं शिबिर येतं, आणखी एक चिठ्ठी मिळते.

रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातल्या गडबसारख्या गावात नजर जाते ती डॉक्टर नाहीत म्हणून कमी आणि सोबत न्यायला कोणी नाही म्हणून जास्त, असं माझं ठाम मत आहे. गाव काही आडबाजूला नाही. मुंबई-गोवा महामार्गावर आहे, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, एका बाजूला पेणचं उपजिल्हा रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला नागोठण्यावरून रोह्याचं. वडखळ नाक्यावरून अलिबागचा रस्ता फुटतो, तिथे जिल्हा रुग्णालय. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. म्हणजे शंभरातल्या सहासष्ट जणांना पुन्हा दिसू शकतं. तेवढ्यासाठी कोणीतरी त्यांना घेऊन जायला हवं.

हे काम आशाताई, बचतगटातल्या दोघी-तिघी, एखादा निवृत्त शिक्षक आणि गणेश मंडळाची चार पोरं मिळून करू शकतात. कसं, ते क्रमानं सांगतो.

आधी यादी

सुरुवात यादीपासून करा, शिबिरापासून नको. यादीची योग्य वेळ म्हणजे गणपती गेल्यानंतर आणि दिवाळीच्या आधी. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत मूर्तिकामाला जाणारी माणसं तेव्हा मोकळी झालेली असतात, कापणीने अजून जोर धरलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे कातकरी वाड्यांमधली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून गेलेली नसतात. दिवाळीनंतर वाडीवर गेलात तर दाराला कड्या दिसतील, आणि सगळ्यात गरजू माणसं यादीतून सुटतील.

आळीवार वाटणी करा. एक वही, वीस फुटांची म्हणजे सहा मीटरची दोरी आणि आरोग्य केंद्रातून मागून आणलेला ‘ई’ अक्षरांचा तक्ता एवढं पुरतं. अंगणात उजेडात उभं राहून आधी बोटं दाखवा. एक डोळा तळव्याने झाकायचा, दाबायचा नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघायचं. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे एकदम तपासू नका. एका डोळ्याची नजर पूर्ण गेली तरी दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

सहा मीटरवरून बोटं मोजता येत नसतील तर नाव तातडीच्या यादीत घाला. चांगल्या डोळ्यानेही तीन मीटरवरून येत नसतील तर ती व्यक्ती कायद्याच्या व्याख्येतल्या अंधत्वाच्या जवळ आहे असं समजा. बोटं मोजता आली म्हणजे डोळा ठणठणीत, असं मात्र नाही. ही चाचणी फक्त निकड ठरवते, बारीक तपासणी तक्त्याने होते.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम करा. ‘दिसतं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. तांदूळ निवडताना खडे राहतात का, सुईत दोरा नातवाकडून ओवून घेता का, कोलंबी सोलताना हाताला लागतं का, संध्याकाळनंतर परसात एकट्या जाता का, असं विचारा. जगभरात नजर गमावलेल्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, आणि त्यांची वेळ घरात सगळ्यांच्या शेवटी येते.

वहीत नाव, वय, उजवा डोळा, डावा डोळा, साखर-रक्तदाब, कधीपासून कमी दिसतं, हे रकाने असतीलच. शेवटचा रकाना ‘सोबत कोण जाणार’ हा ठेवा, नावासकट आणि मोबाईल नंबरासकट. तो रिकामा राहिला तर त्या माणसाचं ऑपरेशन होणार नाही, हे धरून चाला. ज्यांच्या घरी कोणीच नाही, त्यांच्यासमोर आपल्या गटातल्या कोणाचं तरी नाव लिहून मोकळे व्हा.

न्यायचं कुठे, आणि कसं

यादी घेऊन आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी कुठे असतात, शस्त्रक्रियेचे दिवस कोणते, हे तिथूनच कळेल. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. पनवेलला लक्ष्मी चॅरिटेबल ट्रस्टचं नेत्र रुग्णालय आणि शंकरा नेत्र रुग्णालय आहे. गुंतागुंतीची केस असेल तर मुंबईचं जे. जे. आहेच. डॉ. तात्याराव लहाने यांनी तिथे राहून खेड्यापाड्यातल्या माणसांसाठी जे काम केलं, त्यामुळे जे. जे.चं नाव महाराष्ट्रभर झालं. कुठेही जायचं असलं तरी आदल्या दिवशी फोन करून विचारा. एक फेरी फुकट गेली की म्हातारं माणूस दुसऱ्यांदा तयार होत नाही.

एकेकट्याने जाण्यापेक्षा सात-आठ जणांसाठी इको किंवा मिनीडोर ठरवा. शेजारीण सोबत आहे म्हटल्यावर भीती निम्मी होते. आधार कार्ड, रेशनकार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि साखर-रक्तदाबाचे कागद एका पिशवीत. साखर वाढलेली निघाली तर ऑपरेशन पुढे ढकलतात, म्हणून ती आठवडाभर आधी आरोग्य केंद्रात तपासून घ्या.

घरोघरी तीन समजुती भेटतील. मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा, ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली गोष्ट. आता कामाला अडचण होऊ लागली की काढतात, आणि फार पिकू दिला तर शस्त्रक्रिया अवघड होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. थंडीतच ऑपरेशन करायचं, हेही खरं नाही, ते बारा महिने होतं. आणि मोतीबिंदू विरघळवणारं कोणतंही औषध नाही, मग ते कोणी कितीही खात्रीने विको.

ऑपरेशननंतरचा महिना-दीड महिना सोबत्याचं खरं काम असतं. थेंबांच्या बाटल्या दोन-तीन असतात आणि दिसायला सारख्या. वाचता येत नसेल तर एका बाटलीला रबर गुंडाळा, दुसरीला दोरा बांधा, आणि कोणती कधी घालायची ते हाताला समजेल असं सांगा. डोळ्यावरून पाणी घेऊ नये, डोळा चोळू नये, चुलीच्या धुरापासून आणि शेतातल्या चिखलापासून लांब राहावं. डोळा दुखू लागला, लाल झाला, चिकट पू आला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ‘उद्या बघू’ म्हणण्याचं हे प्रकरण नाही. महिन्याभराने चष्म्याचा नंबर काढतात. तो चष्मा नाकावर चढेपर्यंत वहीतल्या नावापुढे खूण करू नका.

मधुमेह असलेल्यांची वेगळी यादी करा. त्यांच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासायला हवा. त्रास जाणवू लागतो तोवर नुकसान झालेलं असतं. काचबिंदूचंही तसंच. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फक्त राखता येते. म्हणून घरात एकाला काचबिंदू असला तर चाळिशीपुढच्या सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं.

चाळिशीचा चष्मा आणि मूर्तीचे डोळे

पेणच्या गणेशमूर्तींची खरी कसोटी आखणीत, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्यात असते. बारीक कुंचल्याने एका दमात भुवई ओढायची, पापणीची कड धरायची, बुबुळात प्रकाशाचा ठिपका ठेवायचा. चाळिशी ओलांडलेला कारागीर मूर्ती हातभर लांब धरू लागला, दिव्याजवळ सरकू लागला, रात्री डोकं दुखतं म्हणू लागला, की त्याला जवळचा चष्मा लागला आहे. पण लाजेपोटी किंवा ‘चष्म्याची सवय लागते’ या भीतीने तो घालत नाही. आखणी दुसऱ्याकडे जाते आणि मजुरी उतरते. चष्म्याने डोळे बिघडत नाहीत, एवढं कारखान्यात जाऊन सांगा आणि तिथेच नंबर तपासण्याची सोय करा. आसामातल्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांचं पान खुडण्याचं काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. पापड लाटणाऱ्या, जाळी विणणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे.

कुसळ, चुना आणि वेल्डिंग

झोडणीच्या दिवसांत भाताचं कुसळ किंवा पात डोळ्याला लागते. ओरखडा इतका बारीक की माणूस डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. चार दिवसांनी डोळा लाल, बुबुळावर पांढरा ठिपका. हाच पुढे फूल होतो आणि नजर कायमची अडवतो. शेतातल्या जखमेत बुरशी शिरते, आणि तिच्यावर दूध, मध, पाल्याचा रस किंवा मेडिकलमधून मागून आणलेले स्टिरॉईडचे थेंब पडले तर डोळा वाचवणं अवघड होतं.

यावर खेड्यात करता येण्यासारखा उपाय आहे, आणि तो करून पाहिलेला आहे. नेपाळमधल्या भक्तपूर भागात गावातल्याच कार्यकर्त्यांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवलं आणि प्रतिजैविक मलम तीन दिवस, दिवसातून तीनदा लावायला दिलं. ज्यांना जखमेनंतर १८ तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गडबच्या आशाताईंना असं प्रशिक्षण आणि मलम मिळावं, ही मागणी लेखी करण्यासारखी आहे. तोवर नियम सोपा ठेवा: डोळ्याला भात लागलं की त्याच दिवशी आरोग्य केंद्र.

तंबाखूसोबतच्या चुन्याची नळी लहान मुलं दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना डोळा जाळत आत शिरतो. अशा वेळी गाडी शोधायला धावू नका. आधी स्वच्छ पाण्याची धार, पापण्या उघड्या धरून, किमान पंधरा-वीस मिनिटं. मूल कितीही रडलं तरी. मग दवाखाना. नागोठणे किंवा धाटावच्या कारखान्यांत रसायन उडालं तरी पहिला उपाय हाच. आणि ज्यांच्या घरचं माणूस वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करतं, त्यांनी डब्यासोबत संरक्षक चष्मा दिलाय का हे रोज बघावं.

मुलांबद्दल थोडक्यात. तिरळेपणा भाग्याचा नसतो. शाळेत जाण्याच्या आधीच तपासायला हवा, कारण आळसावलेला डोळा वयाच्या सात-आठ वर्षांनंतर फारसा सुधारत नाही. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, अगदी फोटोत दिसली तरी, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ. तान्ह्याला काजळ नको. जीवनसत्त्व ‘अ’चे डोस नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीतून मिळतात, ते पूर्ण करा.

ज्यांना पुन्हा दिसणार नाही

यादीत काही नावं अशी उरतील की ज्यांच्या बाबतीत डॉक्टर ‘आता काही करता येणार नाही’ म्हणतील. शिबिरवाल्यांचं काम इथे संपतं. आपलं संपत नाही, उलट इथून जास्त आहे.

पहिला कागद दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. तपासणी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या मंडळापुढे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात, म्हणून अशा माणसाला खोटी आशा दाखवून चार फेऱ्या मारायला लावू नका.

कार्ड हातात आलं की पेणच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, एसटीची सवलत, रेल्वेची सवलत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. जिथे कारखान्यांची घरपट्टी जमा होते, तिथे ही रक्कम लहान नसते. गेल्या वर्षी ती कशावर खर्च झाली, हे लेखी विचारा. पांढरी काठी, बोलणारं घड्याळ, शिकणाऱ्या मुलाला फोन, असं काही मागायचं तर याच निधीतून मागा.

मूल असेल तर शाळा सोडवू नका. पेणच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची मागणी करा. दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. मुंबईत मुलींसाठीची दादरची अंध शाळा १९०० पासून आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ पासून आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेली नॅब म्हणजे राष्ट्रीय अंधजन मंडळ काठीने चालण्यापासून व्यवसायापर्यंत प्रशिक्षण देते. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात २००८ पासून काढत आहेत. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची नजर सहाव्या वर्षी गेली. २०१७ च्या लोकसेवा परीक्षेत त्या देशात १२४व्या आल्या आणि आयएएस झाल्या. हे नाव घरच्यांना सांगा, मुलापेक्षा त्यांना ते ऐकण्याची जास्त गरज असते.

हातातल्या अँड्रॉईड फोनमध्ये टॉकबॅक चालू करून द्या, तो पडद्यावरचं मराठीतून वाचून दाखवतो. नोट ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे ॲप २०२० पासून आहे. शिकवायला आठवडाभर रोज थोडा वेळ द्यावा लागतो, एका बैठकीत जमत नाही.

आणि घरातलं वागणं. हाताला धरून ओढू नका. आपल्या कोपराच्या वर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की थांबून ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणा. खोलीत शिरताना आपलं नाव सांगा, निघताना ‘निघालो’ म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या खोलीशी बोलत बसतो. आपल्याकडे ताट वाढण्याची जी जुनी रीत आहे, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी, उजवीकडे भाजी-कालवण, ती इथे कामाला येते. रोज जागा तीच ठेवली तर विचारावं लागत नाही. माशाचे काटे आधी काढून द्या आणि तसं सांगा. घडवंची, पाण्याचा हंडा, खुर्ची यांची जागा न विचारता बदलू नका. जात्या नजरेसाठी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढला तरी पडणं टळतं.

ग्रामसभेत

हे सगळं चार माणसांच्या उत्साहावर राहिलं तर दोन वर्षांत थंडावेल. ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात जायला हवं. खारेपाटाला, म्हणजे पेण-अलिबागच्या या खाडीकाठच्या पट्ट्याला, चिकाटी नवीन नाही, अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. इथे तर एक अर्ज आणि त्याचा पाठपुरावा एवढंच हवं.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. विषयपत्रिका निघण्याआधी अर्ज द्या. मजकूर असा ठेवता येईल: ‘आमच्या गटाने केलेल्या पाहणीत गावात इतक्या व्यक्तींना शस्त्रक्रियेची व इतक्या व्यक्तींना चष्म्याची गरज आढळली आहे. त्यांना रुग्णालयात नेण्यासाठी वाहनाची तरतूद करावी, दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीच्या खर्चाचा तपशील सभेपुढे ठेवावा, आणि महामार्ग ओलांडण्याच्या जागी पट्टे, दिवे व पदपथाची मागणी संबंधित विभागाकडे ठरावाने करावी.’ यादीतली नावं सभेत वाचू नका, फक्त आकडे सांगा. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. ठराव झाला की त्याची नक्कल मागा. उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं.

ज्यांची नजर गेली आहे, त्यांना या सभेत घेऊन या आणि बोलू द्या. महामार्गावर गाड्यांच्या आवाजात कुठून ओलांडावं ते कळत नाही, हे त्यांनीच सांगितलं तर सभा ऐकते.

नेत्रदानाचा विषयही इथेच काढा. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा त्याचा पंधरवडा असतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीचा नंबर आरोग्य केंद्रातून आधीच घेऊन फळ्यावर लिहून ठेवा. पथक येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा किंवा मधुमेह असला तरी डोळे देता येतात. कुसळाने फूल पडलेल्या डोळ्याला बहुतेकदा यातूनच नजर मिळते.

हा लेख वाचून कामाला लागायचं असेल तर शिबिराची तारीख मागायला जाऊ नका. आपल्या आळीतली पहिली दहा घरं घ्या, आणि प्रत्येक नावापुढे ‘सोबत कोण’ हा रकाना भरूनच पुढच्या आळीत जा.